चालवून बघितल्याशिवाय

आईनं फॉर्म एकदा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, 'पालकाची सही' असं लिहिलेल्या रेघेवर पेनाचं टोक टेकवलं आणि मग ते उचलून पेनाला टोपण लावलं. बास, एवढंच झालं. पण त्या टोपणाच्या टक्‌ आवाजानं माझी दिल्ली एकदम लांब गेली. दिल्लीचं पंधरा दिवसांचं नेमबाजीचं शिबिर, राज्यातून निवडलेल्या बारा मुलामुलींमधली मी एक, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म द्यायचा, आणि या सगळ्यावर बसलेलं ते निळं टोपण.

"मी चालवून बघितल्याबिगर कुठल्याच मशीनच्या चेकशीटवर सही करत नसते," आई म्हणाली.

"आई, ती बंदूक आहे. मशीन नाही."

"लोखंड हाय, आत स्प्रिंग हाय, बोटानं दाबलं की दणका बसतोय. आजून येगळं काय असतंय मशीन म्हंजे?"

बाबा ओट्याशी भेंडी चिरत होते. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि परत भेंडीत डोकं घातलं. आमच्या घरात चेकशीट हा शब्द निघाला की त्यावर अपील नसतं.

आई चाकणला एका कंपनीत प्रेसवर आहे, अकरा वर्षं झाली. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांचे पत्रे तिच्या हाताखालून जातात. शिफ्ट सुरू होताना प्रत्येक ऑपरेटरनं मशीन तपासायचं आणि एका कागदावर सही करायची असा नियम आहे. बाकीच्या जणी आधी सही करतात, मग जमलं तर तपासतात. आई आधी दोन रिकामे स्ट्रोक मारते, दोन्ही हातांची दोन बटणं एकेक करून दाबते, एकट्या बटणावर मशीन हलत नाही ना बघते, मग पेन काढते. एकदा एक नवा सुपरवायझर म्हणाला होता, ताई, करून टाका की सही, लोड आहे आज. आई हाताची घडी घालून मशीनपुढं उभी राहिली, पंचवीस मिनिटं, मेंटेनन्सचा माणूस येईपर्यंत. हे आई सांगत नाही, तिच्या मैत्रिणी संक्रांतीला आल्या की सांगतात आणि हसतात. मीही हसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या सुपरवायझरची दया आली.

मी जयसिंग सरांना फोन केला. सर फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, देहूरोडला राहतात, आमच्या शाळेत एनसीसी घेतात आणि निघोज्याच्या पुढं जुन्या दगडखाणीत जी क्लबची रेंज आहे तिथं शॉटगन शिकवतात. मला वाटलं ते आईला फोनवर समजावतील. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. गुरुवारी घेऊन ये. आणि ऐक, मी शेजारी उभा राहीन, पण शिकवणार तू."

गुरुवार म्हणजे आमच्या भागाचा रविवार. कंपन्या बंद, त्यामुळं आमच्या काळेवाडीच्या गल्लीत पुरुष लोक बनियनवर स्कूटरी धुतात आणि चाकणच्या रस्त्यावर ट्रेलर नसतात. आई स्कूटी चालवत होती, मी मागं बसले होते, दोघींच्या मध्ये डबा आणि पाण्याच्या बाटल्या. तळवडं गेलं, इंद्रायणीचा पूल गेला, आणि मी आईच्या पाठीकडं बघत मनातल्या मनात धडा पाठ करत होते. पाय, खांदा, गाल, डोळा. पाय, खांदा, गाल, डोळा. पाठ करायची मला जुनी सवय. सातवीपर्यंत मी वर्गात हजेरीचंसुद्धा पाठ करायचे. माझा नंबर एकतीस, तर अठ्ठावीसपासून घसा साफ करायचे, एकोणतीस, तीस, आणि एकतीसला तोंडातून जे निघायचं ते 'हजर' आहे हे फक्त मलाच माहीत असायचं. बाई मान वर करून विचारायच्या, बिराजदार आली नाही का? शेजारची मुलगी हात वर करून माझ्या वतीनं सांगायची, आलीय. मी आलेली असून माझं येणं दुसरीनं सांगायचं, याची मला इतकी सवय झाली होती की त्यात काही वाईट आहे हे कळायलाच दोन वर्षं गेली. मग आठवीत एनसीसी. रायफलनं कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर मारायचं असायचं, आणि त्यात मी इतकी वाईट होते की सर माझा कागद उजेडात धरून भोकं शोधायचे. थांबलेल्या गोष्टीकडं बघत राहिलं की माझ्या डोक्यात विचार येतात. ठिपका माझ्याकडं बघायला लागतो. पण एकदा सरांनी आम्हा चौघींना खाणीत नेलं, शॉटगन हातात दिली आणि समोरच्या खड्ड्यातून एक भगवी चकती उडवली, बशीएवढी, आभाळात तिरकी जाणारी. तिच्याकडं बघताना विचार करायला वेळच नव्हता. ती निघाली होती आणि मी तिच्या मागं निघाले. चकतीचा धूर झाला तेव्हा मी कुणीतरी दुसरीच असल्यासारखी ओरडले. आणि गंमत म्हणजे चकती सोडायला आपणच हाक द्यावी लागते. पुल, असं खणखणीत म्हणायचं, तेव्हाच चकत्या उडवणारा ट्रॅपवाला बटण दाबतो. पुटपुटलं तर आभाळ रिकामं. महिनाभरात माझा आवाज बदलला. मग नववीत मी हजेरीला असं 'हजर' म्हणाले की बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

हे सगळं आईला माहीत नव्हतं असं नाही. पण तिला जे दिसलं होतं ते वेगळं. पहिल्या आठवड्यात मी बंदूक खांद्याला नीट लावली नव्हती. वेणी घालताना आईला माझ्या खांद्यावर निळा डाग दिसला, पुरणपोळीएवढा. तिनं हळद उगाळून लावली आणि वेणी जरा जास्तच घट्ट घातली. स्कूटीवर मला तोच डाग आठवत होता, फक्त आता तो आईच्या खांद्यावर. एक वाईट दणका, आणि दिल्ली गेली. वाटेत एका बंद कंपनीच्या गेटाशी वॉचमन खुर्चीत बसून पेरू खात होता, इतका सुखी माणूस मी आयुष्यात बघितला नव्हता.

रेंजवर सर आधीच आले होते, आणि रहिमानचाचाही. चाचा ट्रॅपचं मशीन सांभाळतात. तरुणपणी भोसरीला फोर्जिंगमध्ये हातोड्यावर होते, त्यात डावा कान गेला, आता एका कानानं जेवढं ऐकू येतं त्यावर त्यांचं छान चाललेलं असतं.

"आओ ताई," ते म्हणाले. "योगिनी बेटी बहुत तारीफ करती तुमची."

"मी कधी केली?" मी म्हणाले.

"नाही केली? मग आता कर. मौका आहे."

टेबलावर दोन बंदुका होत्या, दोन्ही उघडून ठेवलेल्या, म्हणजे नळीच्या आरपार पलीकडचं गवत दिसत होतं. एक बारा बोअरची एकनळी, हलकी, लाकूड सुंदर. दुसरी वीस बोअरची, वर-खाली दोन नळ्या, दस्ता आखूड करून घेतलेला, आणि चांगली वजनदार. आईची मनगटं दुखतात, विशेषतः थंडीत, म्हणून मी आधीच ठरवलं होतं. मी हलकी उचलली.

सर म्हणाले, "का?"

"आईला पेलायला सोपी."

"पेलायला सोपी. आणि उडल्यावर?"

एवढं साधं मला माहीत होतं, पण आई शेजारी उभी असली की माहीत असलेलं सगळं लांब जाऊन बसतं. आईनं दोन्ही बंदुका हातांनी जोखल्या, पिशवीतला कांदा जोखावा तशा. मग वजनदार बंदुकीवर हात ठेवला.

"ही द्या. आमच्याकडं ज्या प्रेसचा बेड हलका तीच जास्ती हादरतीया. जड बेडवाली दणका सोताच गिळतीया."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "हलकी बंदूक लाथ जोरात मारते, हे वाक्य तुझ्या वहीत आहे ना? पान किती?"

"सातवं," मी म्हणाले.

"ताईंनी वही न वाचता सांगितलं."

मग सरांनी टेबलावर पंचवीस काडतुसांचा डबा ठेवला, त्यातही सगळ्यांत कमी दारूची, आणि दोन पावलं मागं सरकून हात पाठीशी बांधले. म्हणजे आता मी. मी आईला दस्ता खांद्याच्या खळग्यात कसा बसवायचा ते दाखवलं, हाडावर नाही, खळग्यात, आणि गाल लाकडावर टेकवायचा, लाकूड गालाकडं आणायचं. डावा पाय पुढं. वजन पुढच्या पायावर, ओट्यावर पीठ मळताना असतं तसं. बोट ट्रिगरवर शेवटी, अगदी शेवटी. "पाय," मी म्हणाले आणि आईनं पाय सरकवला. "कोपर," मी म्हणाले आणि तिनं कोपर उचललं. मला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या आणि लगेच भीतीही वाटली, जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकल्यावर वाटते तशी. आई माझं ऐकत होती. आत्तापर्यंत जगात आई सांगते आणि मी करते असा एक रस्ता होता, आणि तो एकाच बाजूनं वाहतो असं मला वाटत होतं. मी उगाचच आणखी एकदा "पाय" म्हणाले. आईनं पायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आता काय चुकलं पायाचं?"

"काही नाही."

"मंग?"

"बघत होते."

काडतूस घालण्याआधी आईनं बंदूक किती वेळा उघडून मिटवली ते मी मोजलं नाही, पण चाचांची एक विडी पूर्ण झाली. उघडायची, आत बघायचं, मिटवायची, खांद्याला लावायची. सरांनी एकदाही घाई केली नाही. मग मी तिच्या कानांवर मोठे कानबंद चढवले, माझ्यावर चढवले, आणि इथून सगळं वेगळंच झालं.

मी सांगितलं होतं, तयार झालीस की मोठ्यानं 'पुल' म्हण. आईनं बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि काहीच म्हणाली नाही. मग तिनं डावा हात बंदुकीवरून काढला, चाचांच्या दिशेनं वर केला आणि तळवा दोनदा झाकला, उघडला. चाचांनी लगेच बटण दाबलं. चकती उडाली, आईचा हात अजून हवेत, चकती पलीकडच्या गवतात जाऊन निवांत पडली. मी कानबंद काढून ओरडले, "आई, हाक द्यायची." आईनं मान डोलावली आणि परत हातानं तेच केलं. चाचांनी परत सोडली. ते दोघं एकमेकांना ओळखत असल्यासारखे हसत होते. मला मग उलगडलं. प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालूनच काम असतं, तिथं कुणी बोलत नाही, सगळ्या बायका हातांनी बोलतात. तळवा झाकला, उघडला म्हणजे माल सोड. दोन मनगटं एकमेकांवर म्हणजे मशीन बंद. पोटावर हात म्हणजे जेवण. कपाळावर मूठ म्हणजे साहेब आला. बोटानं हवेत गोल म्हणजे चालू ठेव, थांबू नको. लहानपणी आई सेकंड शिफ्ट करून यायची तेव्हा घरातही तासभर ती अशीच बोलायची, कानातला आवाज गेलेला नसायचा, आणि मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच बोलतात. कान झाकले की आईचं तोंड बंद होतं आणि हात सुरू होतात, हे अकरा वर्षांचं आहे. आणि माझा सगळा जीव त्या एका हाकेत. हाकेनं मी माणसात आले असं मी मानत होते, आणि इथं माझी आई हाक न देता आभाळातून चकत्या मागवत होती आणि त्या येतही होत्या.

सर म्हणाले, "दोन्ही हात बंदुकीवर हवेत, एवढं बघ. खूण कशानं करायची ते त्यांचं त्या ठरवतील." मी आईला मान हलवून खूण करायला सांगितलं. तिनं मान हलवली, चाचांनी सोडली, आईनं नळी चकतीच्या मागं नेली, ट्रिगर दाबला. पहिला बार. खांदा जरासा मागं आला, बास. ती माझ्याकडं वळून नुसत्या भुवयांनी विचारत होती, एवढंच? मला इतकं हलकं वाटलं की मी सरांकडं बघून दात काढले.

पण फुटेना. दुसरी, तिसरी, पाचवी. आईची नळी चकतीच्या मागं अगदी छान जायची, माझ्या पहिल्या महिन्यापेक्षा छान, आणि ट्रिगरच्या क्षणी सगळी थिजायची. हात, मान, पाठ, सगळी आई. बार चकतीच्या मागं हातभर. कारण सोपं होतं, पण ते सांगायला मला वेळ लागला, कारण ते आईच्या हातांत होतं आणि ते हात मी रोज बघत होते. प्रेसवर ठोका बसताना हात जागचे हलवायचे नसतात. बटणं दाबायची आणि पुतळा व्हायचं, वरचं लोखंड खाली येऊन परत जाईपर्यंत. दिवसाला दोन हजार वेळा. आणि मी तिला सांगत होते, ठोका बसताना थांबू नको, हात चालू दे. मी दहा प्रकारे सांगितलं. झाडूनं जाळं काढतेस तशी. रांगोळीची रेघ ओढतेस तशी. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "कळालं की," आणि प्रत्येक वेळी थिजायची. बारा काडतुसं संपली. चकत्या समोरच्या उतारावर अख्ख्या पडलेल्या दिसत होत्या, धुऊन पालथ्या घातलेल्या बश्यांसारख्या.

तेराव्या काडतुसाला आईनं ट्रिगर दाबला आणि नुसतं टिक्‌ झालं.

प्रेसवर मशीन अडलं की ऑपरेटर काय करतो? बटणावरचे हात काढतो, मागं वळतो आणि मेंटेनन्सला खूण करतो. आईनं तेच केलं. उजवा हात सोडला, मनगटावर मनगट आणण्यासाठी वळली, आणि डाव्या हातातली बंदूक तिच्याबरोबर वळायला लागली. उतार, मग झाड, मग चाचांचं शेड. नळी तिथं पोचायच्या आत माझा हात तिच्याखाली होता. मी ती वर लोटली, आईच्या दंडाला धरून तिला समोर फिरवलं आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते खाणीच्या तिन्ही भिंतींनी परत म्हणून दाखवलं.

"वळू नको. अक्कल आहे का तुला?"

नियम असा आहे की काडतूस पेटलं नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी ते उशिरा पेटतं. मी आईच्या मागं उभी, माझा डावा हात नळीखाली, उजवा तिच्या दंडावर. मी मोजायला लागले. एक. दोन. गुरुवार असल्यामुळं लांबच्या शेडांमधून काही आवाज नव्हता, एक टिटवी तेवढी उतारावरून ओरडत गेली. पाच. मी आईची अक्कल काढली. आमच्याकडं आजीसुद्धा आईला असं बोलली नाही, गावाकडं औशाला असताना चुलत्यांची भांडणं झाली तेव्हासुद्धा नाही. आठ. आईच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि किंचित लोखंडाचा वास येतो, तो सुट्टीच्या दिवशीही येतो. नऊ. दहा. माझी बोटं नळीखाली होती, नळी सरळ होती. मी दोन्हींकडं बघत होते, जणू बोटं माझी आणि नळी दुसऱ्या कुणाची. हा आवाज कुठून आला? मला वाटायचं माझा मोठा आवाज म्हणजे तो पुलवाला, वर्गात हजरवाला, छान, धुतलेला, लोकांनी वळून बघावं असा. आत्ता जो निघाला तो तसा नव्हता. त्याच्याकडं कुणी बघावं असं त्याला वाटत नव्हतं. पंधरा. सोळा. फॉर्म पिशवीत डब्याखाली होता आणि त्याला आता भाजीचं तेल लागलं तरी काही बिघडत नव्हतं. सही गेली. ज्या मशीनवर आपल्याच मुलीनं आपली अक्कल काढली त्या मशीनवर कोण सही करेल? वीस. आई हलली नाही, तिचा श्वास मला तिच्या दंडातून कळत होता, आणि तो माझ्यापेक्षा हळू होता. सव्वीस. मला एकदम फार इच्छा झाली की ही तीस सेकंदं संपूच नयेत, कारण तोपर्यंत मी फक्त नियम पाळणारी होते. तीस.

"उघड," सर म्हणाले. मी आईचा हात धरून बंदूक उघडली. काडतुसाच्या बुडाला पिनेचा अर्धवट खड्डा होता. चाचांनी ते उजेडात धरलं. "फुसका," ते म्हणाले आणि लांबच्या बादलीत ठेवायला गेले. आईनं उघडी बंदूक टेबलावर ठेवली, कानबंद काढले, बाकावर बसली, अर्धी बाटली पाणी प्यायली.

"तो कागद आण," ती म्हणाली.

मी आणला. ती फाडेल असं मला वाटलं नव्हतं, ती घडी करून परत देईल असं वाटलं होतं. तिनं तो मांडीवर पसरला, सरांच्या खिशातलं पेन मागितलं आणि लिहिलं, शालन ज्योतीराम बिराजदार, पूर्ण, रेघ संपल्यावर जरा खाली वळवून.

"पण तुला तर एकपण फुटली नाही," मी म्हणाले. मूर्खासारखं, पण तेच तोंडात आलं.

"फुटणं बघाय कोण आलतं?"

"मग?"

आई पेनाकडं बघत राहिली. "विजयश्रीचं आठवतंय का तुला?"

विजयश्रीमावशी आईच्या शेजारच्या प्रेसवर होती. तिची दोन बोटं गेली तेव्हा मी चौथीत होते. आई तेव्हा दोन दिवस बोलली नव्हती, एवढंच मला माहीत होतं.

"पीस अडकला, तिनं काढाय हात घातला, आन मशीनच्या पलीकडचीनं बटण दाबाय हात उचलला. मी बघत होते. खूण केली तर ती पलीकडची बघंना. वरडावं वाटलं. पर ती वयानं मोठी, लाईनीत सगळ्यात मोठी. तिला अगं कसं म्हणावं, ताई म्हणावं का मावशी, तेवढ्यातच झालं." आईनं पेनाची पिन एकदा दाबली. "एवढाच येळ लागतोय. ताई म्हणावं का मावशी, एवढा."

सर खाणीच्या भिंतीकडं बघत होते, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई, मी ते अक्कल..."

"सॉरी म्हणशील तर कागद परत घेईन." मग तिनं मान वर केली. "दिल्लीला तुझ्याहून मोठी पोरं असतील. साहेब लोक असतील. कोण असं वळलं तर त्याच्यावरबी वरडशील का?"

"हो."

"ह्या सरांवर?"

मी सरांकडं बघितलं. "हो."

"मंग जा."

"माझ्यावर ओरडायची वेळ येणार नाही," सर म्हणाले.

"आली तर वरडंल ती," आई म्हणाली आणि उठली. "आता ते उरलेलं काय टाकून द्यायचंय का?"

बारा उरली होती. आता मला कसलीच घाई नव्हती आणि त्यामुळं डोकं जरा चालायला लागलं. शब्दांनी तिचे हात ऐकत नव्हते, कारण कान झाकल्यावर तिचे हात शब्द ऐकतच नाहीत. खूण केली तर ती बघणार चकतीकडं, माझ्याकडं नाही. मग मी तिच्या मागं उभी राहिले, उजवा तळवा तिच्या पाठीवर, ब्लाऊजच्या शिवणीच्या जरा खाली. तिनं मान हलवली, चकती निघाली, तिची पाठ माझ्या हाताखाली वळायला लागली, आणि मी बोटानं तिच्या पाठीवर गोल काढत राहिले. चालू ठेव. थांबू नको. चालू ठेव. पहिल्यांदा ती दचकली आणि बार आभाळात गेला. दुसऱ्यांदा हसायला आल्यामुळं उडवलाच नाही. "गुदगुल्या करायलीस व्हय," ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की चाचांच्या गेलेल्या कानालाही पोचलं असेल. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ठोक्याच्या वेळी पाठ अर्धीच थिजली. पाचव्यांदा मी गोल काढत होते आणि बार झाला आणि माझं बोट अजून फिरत होतं आणि माझ्या बोटाखाली आईही अजून फिरत होती.

चकती फुटली नाही. तिच्या काठावरून नखाएवढं काहीतरी उडालं आणि बाकीची चकती तशीच पुढं जाऊन पडली. आईनं बंदूक उघडली, आत बघितलं, नळी खाली धरली, मग वळली.

"गेली," ती म्हणाली.

"नाही ताई, लागली," सर म्हणाले. "टवका उडाला. टवका दिसला की पूर्ण मार्क."

"एवढ्याशाला?"

"नियम आहे."

आई चाचांकडं वळली. "भाऊ, तुम्ही सांगा. एवढा टवका गेला तर आमच्यात पीस रिजेक्ट धरत्यात."

"आमच्यात पण," चाचा म्हणाले. "साहेब शिवी पण देत होता."

"मग हा पण रिजेक्टच ना," मी म्हणाले. "आई, इथं रिजेक्टच काढायचे असतात."

ती थांबली. अकरा वर्षांत तिच्या लाईनवरून फार तर दोन डझन रिजेक्ट गेले असतील, त्यातला प्रत्येक तिला तारखेसकट माहीत आहे. ती उतारावरच्या त्या टवका उडालेल्या चकतीकडं बघत राहिली, आणि मग असं हसायला लागली की तिला उघडी बंदूक टेबलावर ठेवून बाकाला धरावं लागलं. मी आईला असं हसताना बघितलेलं नव्हतं. चाचा हसले, सरांनी मिशीवर हात धरला. आईनं पदरानं डोळे पुसले, कानबंद परत चढवले आणि डब्याकडं हात केला.

"आण, आजून आठ हायत," ती म्हणाली. "सगळे रिजेक्ट काढते."